टेबल-संगणकाचे जोते

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला. त्यामुळे कोणताही संगणक बंद पडला नाही. ज्या शाळेत, ग्रंथालयात वा घरात तो आदल्या दिवशी चालत होता तेथे तो दुसऱ्या दिवशीही चालला. परंतु सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्याला यापुढे नेहमीप्रमाणे मिळणार नव्हत्या. फार तर नोंदणी करून आणखी काही काळापुरत्या त्या मिळविण्याची सवलत होती. ज्यांना विंडोज ११ या पुढील प्रणालीकडे जावयाचे होते त्यांच्यापुढे अटींची एक यादी उभी राहिली. इंटेल कंपनीचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक सर्व प्रोसेसर आणि एएमडी कंपनीच्या रायझन मालिकेची पहिली पिढी ही त्या यादीबाहेर होती. म्हणजे २०१७ च्या पूर्वार्धात विकले गेलेले जवळजवळ सारे टेबल-संगणक, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, एकाच दिवशी मागे पडले.

तथापि त्यांची पुढची गती सारखी झाली नाही. रायझनच्या संगणकात जुना प्रोसेसर काढून त्याच जागी नवा बसविता येत होता आणि मदरबोर्ड, मेमरी, डबा, वीजपुरवठ्याची पेटी हे सारे तसेच ठेवून तो संगणक यादीत परत येऊ शकत होता. इंटेलच्या संगणकाला ही वाट नव्हती. त्याच्या सॉकेटमध्ये बसू शकणारा सर्वांत नवा प्रोसेसर तोच होता जो आधीच तेथे बसलेला होता. दीर्घकाळ वापरण्यासाठी संगणक घेणाऱ्याने दोन घराण्यांतून निवड कशी करावी, या प्रश्नाचे मर्म या एका उदाहरणात पुष्कळसे आले आहे.

जोते म्हणजे काय

घराच्या भिंती पाडून पुन्हा उभारता येतात, छप्पर बदलता येते. जोते मात्र एकदाच घातले जाते आणि वर किती मजले चढतील हे त्यावरून ठरते. टेबल-संगणकात हे स्थान मदरबोर्डाचे आहे आणि त्यातही प्रोसेसर ज्या चौकोनी खोबणीत बसतो त्या सॉकेटचे आहे. सॉकेट, त्याच्या जोडीचा चिपसेट, मेमरीची जात आणि बोर्डावर साठविलेला बायोस हा प्रारंभिक कार्यक्रम, या चौघांच्या मेळाला प्लॅटफॉर्म असे म्हणतात. ग्राहकाचे लक्ष प्रोसेसरच्या वेगावर असते, दुकानदाराचे बोलणेही त्याच्याभोवती फिरते. वस्तुतः पाच-सात वर्षांनी महत्त्वाचा ठरतो तो हा मेळ.

सॉकेटमधील संपर्कबिंदूंची संख्या प्रथम पाहणाऱ्यास थक्क करते. एएमडीच्या एएम४ मध्ये ते १३३१ आहेत, एएम५ मध्ये १७१८. इंटेलच्या एलजीए १७०० व एलजीए १८५१ या सॉकेटांची नावेच त्यांच्या संपर्कबिंदूंवरून पडली आहेत. इतके बिंदू कशासाठी? त्यांतील मोठा वाटा केवळ वीज आत नेण्याच्या व परत आणण्याच्या कामी खर्च होतो. शक्तीला विद्युत्‌दाबाने भागले असता विद्युत्‌प्रवाह मिळतो, हे शाळेत शिकविले जाते. कपड्यांची १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टच्या दाबावर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. प्रोसेसर १२० वॉटचाच असला तरी तो सुमारे १.२ व्होल्टवर चालत असेल, तर त्याला १०० अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे तशा तेवीस इस्त्र्यांना मिळून लागेल तेवढा! असा प्रवाह दोन-चार बारीक टाचण्यांतून सोडला तर त्या टिकणार नाहीत. म्हणून तो शेकडो टाचण्यांत वाटून द्यावा लागतो. प्रोसेसरमधील कोअरांची, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणाऱ्या केंद्रांची संख्या वाढली की विजेची भूक वाढते आणि टाचण्यांची जुनी मांडणी अपुरी पडण्याचा संभव उत्पन्न होतो.

दुसरे कारण मेमरीचे. पूर्वी मेमरीशी देवघेव करणारे मंडल मदरबोर्डावरील चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये ते टेबल-संगणकाच्या प्रोसेसरमध्येच आणून बसविले. त्यायोगे काम शीघ्र होऊ लागले खरे, परंतु मेमरीच्या तारा आता थेट सॉकेटमधून जाऊ लागल्या. साहजिकच मेमरीची जात बदलली की बहुधा सॉकेटही बदलण्याचा प्रसंग येतो. डीडीआर४ मेमरी १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ मेमरी १.१ व्होल्टवर, दोहोंच्या पट्ट्यांवरील खाचही वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

म्हणजे सॉकेट बदलण्यास खरी कारणे असतात. मात्र प्रत्येक बदलास ती असतातच असे म्हणणे कठीण आहे.

एकाच घराच्या दोन वाटा

हे दोन पंथ मुळात एकाच ठिकाणाहून निघाले. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्यास आयबीएम तयार नव्हती. म्हणून १९८२ च्या करारान्वये एएमडीला तोच प्रोसेसर तयार करण्याचा अधिकार मिळाला. पुढे दोघांत तंटे व न्यायालयीन लढाया झाल्या, तरी आज्ञांची भाषा एकच राहिली. २००३ मध्ये एएमडीने त्या भाषेचा ६४ बिटांचा विस्तार केला आणि तो इंटेलनेही पुढील वर्षी स्वीकारला. आजही एकासाठी तयार केलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालतो. ग्रंथालयाची सूची, शाळेचे हिशेब, विद्यार्थ्यांचे कार्यक्रमलेखन यांपैकी कशालाही प्रोसेसरचे घराणे बदलल्याने धक्का लागत नाही.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तर दोघांचे प्रोसेसर एकाच सॉकेटमध्ये बसत असत. ‘सॉकेट ७’ नावाच्या त्या खोबणीत इंटेलचा पेंटियम बसे आणि एएमडीचा के६ ही बसे. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी ‘स्लॉट १’ ही निराळी रचना काढली आणि तेथून वाटा फुटल्या. ग्राहकाच्या दृष्टीने ही फुटाफूट दुर्दैवाचीच म्हटली पाहिजे. त्यानंतर मदरबोर्ड घेणे म्हणजे एका घराण्याशी सोयरीक जोडणे झाले.

२०१७ मधील दोन सोयरिकी

त्या वर्षी जानेवारीत इंटेलचा कोअर आय७-७७००के बाजारात आला. त्याची घोषित किंमत सुमारे ३३९ डॉलर होती. मार्चमध्ये एएमडीचा रायझन ७ १७०० आला, तो ३२९ डॉलरांस. पहिल्यात ४ कोअर होते, दुसऱ्यात ८. पहिल्याचा ठोका ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत चढे, दुसऱ्याचा ३.७ पर्यंत. ज्या कामात एकच कोअर राबतो, त्यात त्या दिवशी इंटेल पुढे होता यात शंका नाही. अनेक खेळ आणि साधे कचेरीचे काम त्याच्यावर अधिक चपळाईने चाले. केवळ त्या दिवसापुरता विचार करणाऱ्याने इंटेल घेतला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली आणि तिच्यात ६ कोअरांचा प्रोसेसर होता. तिचे सॉकेटही एलजीए ११५१ च. आकार तोच, बिंदूंची संख्या तीच. तरीही नऊ महिन्यांपूर्वी घेतलेल्या बोर्डावर ती चालेना. वाढलेल्या कोअरांना अधिक वीज लागते व त्यासाठी काही बिंदूंची योजना बदलली आहे, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. वर सांगितलेला अँपिअरांचा हिशेब पाहता हे स्पष्टीकरण निराधार नव्हते. परंतु काही हौशी कारागिरांनी बायोसमध्ये फेरफार करून आणि मोजके संपर्कबिंदू झाकून वा जोडून जुन्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालवून दाखविले. तेव्हा अडचण सर्वस्वी विजेचीच होती, हे मानणे पुष्कळांना जड गेले. त्यानंतर २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७०० आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए १८५१ असे इंटेलचे सॉकेट पालटत गेले.

एएम४ चा इतिहास याहून वेगळा आहे. २०१७ ची पहिली पिढी, २०१८ मधील तिची सुधारलेली आवृत्ती, २०१९ मधील ‘झेन २’ व नोव्हेंबर २०२० मधील ‘झेन ३’ या साऱ्या एकाच सॉकेटमध्ये आल्या. कंपनीच्या सांगण्यानुसार झेन २ मध्ये एका ठोक्यात होणारे काम सुमारे १५ टक्क्यांनी वाढले व झेन ३ मध्ये त्यावर आणखी १९ टक्क्यांनी. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा ९६ मेगाबाइट कॅश-मेमरीचा प्रोसेसर याच सॉकेटसाठी निघाला आणि जुलै २०२४ मध्येसुद्धा, म्हणजे पहिल्या रायझननंतर सात वर्षांनी, त्यात आणखी काही प्रोसेसरांची भर पडली. ज्याने २०१७ मध्ये ८ कोअरांचा रायझन घेतला होता, तो पाच-सहा वर्षांनी त्याच बोर्डावर पुष्कळच अधिक वेगाचा प्रोसेसर बसवू शकला.

मात्र ही कथा वाटते तितकी सरळ नाही, आणि दीर्घकालीन वचनांचे मोल जोखण्यासाठी तिची अडचणीची बाजू पाहणे अधिक उपयुक्त आहे. एएम४ च्या पुष्कळ जुन्या बोर्डांवर बायोससाठी अवघी १६ मेगाबाइट जागा होती. प्रत्येक नव्या प्रोसेसरची ओळख त्या जागेत साठवावी लागे. जागा भरली तेव्हा काही बोर्ड-उत्पादकांनी जुन्या प्रोसेसरांची ओळख पुसून टाकली, काहींनी बायोसची चित्रमय पृष्ठे काढून साधी पृष्ठे ठेवली. आणखी एक पेच असा की, नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बायोस आधी अद्ययावत् करावा लागे आणि तो करण्यासाठी संगणक चालू व्हावा लागे. परंतु नवा प्रोसेसर बसविलेला जुन्या बायोसचा संगणक चालूच होत नसे. २०१८ मध्ये एएमडीला अशा ग्राहकांकडे जुन्या जातीचा एकेक प्रोसेसर काही दिवसांसाठी उसना धाडण्याची योजना काढावी लागली! पुढे प्रोसेसर न बसविताही बायोस भरता यावा म्हणून अनेक बोर्डांवर वेगळे बटन आले.

मे २०२० मध्ये तर कंपनीने असे जाहीर केले की झेन ३ केवळ ५०० मालिकेच्या चिपसेटांवरच चालेल. ४०० मालिकेचे बोर्ड दीर्घायुष्याच्या भरवशावर घेतलेले ग्राहक संतापले. गहजब इतका झाला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने माघार घेतली. ३०० मालिकेच्या सर्वांत जुन्या बोर्डांना ती मुभा मिळण्यास मात्र २०२२ उजाडावे लागले. मोठ्या कामांच्या संगणकांसाठी असलेल्या थ्रेडरिपर मालिकेत तर एएमडीने जुन्या ग्राहकांना याहून वाईट वागविले. २०१९ च्या अखेरीस आलेल्या तिच्या नव्या सॉकेटला एका पिढीपलीकडे प्रोसेसर मिळालाच नाही. तेव्हा एक कंपनी उदार व दुसरी कृपण, अशी विभागणी करणे भाबडेपणाचे होईल. २०१७ मध्ये एएमडीला गमावलेला बाजार परत मिळवावयाचा होता. इंटेलच्या हातात तो होताच. सॉकेटचे आयुष्य त्या गरजेतून वाढले आणि ग्राहकांनी ओरड केली म्हणून टिकले.

बदलणारच नसेल तर?

सॉकेटच्या आयुष्याचा लाभ फक्त त्यालाच होतो जो पुढे खरोखर प्रोसेसर बदलतो. अनेकांचा संगणक एकदा घेतला की मोडेपर्यंत कोणी उघडीत नाही. अशा ठिकाणी एएम४ सारख्या इतिहासाचे मूल्य पुष्कळ कमी होते. शिवाय शाळा व ग्रंथालये बहुधा नामांकित कंपनीचा तयार संगणक निविदेद्वारे घेतात. तशा पुष्कळ संगणकांत मदरबोर्ड व वीजपेटी त्या कंपनीच्या स्वतःच्या घडणीची असते, जोडण्याही निराळ्या असतात आणि बायोसमध्ये पुढील पिढीच्या प्रोसेसरांची ओळख भरली जाईल याची हमी नसते. सॉकेटचे नाव एएम५ असले तरी त्या डब्यापुरते एएमडीचे वचन निष्फळ ठरू शकते. तेथे प्रोसेसरच्या घराण्यापेक्षा हमीची वर्षे आणि जागेवर येऊन दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता हेच अधिक पाहावे.

सुटे भाग जुळवून केलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. येथे आणखी एक विचार पुढे येतो आणि तो वेगवाढीच्या विचाराहून मोठा आहे. तो म्हणजे दुरुस्तीचा. योग्य दाबावर चालणारा प्रोसेसर सहसा लवकर मरत नाही, मदरबोर्ड मरतो. त्यावरील विद्युत्‌द्रावकाचे संधारित्र उष्णतेने सुकतात. तपमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. उत्तर भारतातील मे महिना, किनारपट्टीची दमट हवा, धूळ आणि विजेचे चढउतार यांत बोर्ड आधी खचतो. अशा वेळी त्याच सॉकेटचा नवा बोर्ड मिळाला तर प्रोसेसर व मेमरी वाचतात, न मिळाला तर तिन्ही टाकावी लागतात. एएम४ चे नवे बोर्ड २०२५ मध्येही तयार होत होते, ही गोष्ट म्हणून महत्त्वाची. दुसऱ्या बाजूस, कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे इंटेलचेच संगणक अधिक घेतले गेल्यामुळे दिल्लीचा नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे इंटेलच्या जुन्या सॉकेटांचे वापरलेले बोर्ड व प्रोसेसर सहज हाती लागतात. जुनी गाडी घेताना तिचे सुटे भाग गावात मिळतात काय, हे जसे पाहतात तसेच हे आहे.

निर्मितीतील दोषांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण दीर्घ वापरात तेच घात करतात. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील अधिक शक्तीच्या टेबल-प्रोसेसरांत २०२४ मध्ये असे आढळून आले की, प्रमाणाबाहेर विद्युत्‌दाब मागितला गेल्याने ते हळूहळू झिजतात व संगणक वारंवार कोलमडतो. ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने बायोसद्वारे भरावयाच्या दुरुस्त्या दिल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली. परंतु झालेली झीज अशा दुरुस्तीने भरून येत नाही. या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्याने तो आधी कोणत्या बायोसवर चालला हे विचारलेच पाहिजे, आणि उत्तर न मिळाल्यास तो न घेणे बरे. एएमडीच्या बाजूसही २०२३ च्या एप्रिलमध्ये एएम५ वरील काही प्रोसेसर अतिदाबाने जळाल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर त्या भागाचा दाब १.३ व्होल्टच्या आत बांधून टाकण्यात आला. दोन्ही प्रकरणांत उपाय बायोसमधूनच आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या बोर्डाचा उत्पादक बायोस अद्ययावत् करणे सोडून देतो तो बोर्ड कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

विजेच्या खर्चाबद्दल दोन शब्द. खोक्यावर लिहिलेला वॉटचा आकडा दोन घराण्यांत एका अर्थाचा नसतो. इंटेलच्या कोअर आय५-१४४०० वर ६५ वॉट असे लिहिलेले असते, पण कामाचा जोर वाढला असता त्याला १४८ वॉटपर्यंत जाण्याची मुभा आहे. एएमडीच्या रायझन ५ ७६०० वरही ६५ च लिहिलेले असते आणि त्याची मर्यादा ८८ वॉट आहे. यावरून एएमडी सर्व प्रसंगी काटकसरी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. रायझनचे अनेक प्रोसेसर वेगवेगळे तुकडे जोडून केलेले असल्याने संगणक नुसता चालू असून काही करीत नसताना ते इंटेलच्या समकालीन प्रोसेसरांपेक्षा काही वॉट अधिक खातात. शाळेतील संगणक दिवसाचा बराच वेळ अशाच स्थितीत असतो. समजा, हा फरक १५ वॉटचा आहे. रोज ७ तास व वर्षाचे २२० दिवस धरले तर एका संगणकामागे वर्षाला सुमारे २३ युनिटे होतात. २० संगणकांच्या खोलीत ४६२. ही रक्कम निर्णय फिरविण्याइतकी मोठी नाही, पण शून्यही नाही. निजावस्थेत जाण्याची सोय चालू ठेवली तर तिच्यातील बरीचशी वाचते.

आजची निवड

२०२५ च्या अखेरीस नवा संगणक जुळविणाऱ्यापुढे मुख्यतः दोन जोती होती : सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले एएमडीचे एएम५ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले इंटेलचे एलजीए १८५१. दोहोंतही केवळ डीडीआर५ मेमरी चालते. एएम५ वर तोवर रायझन ७०००, ८००० व ९००० या मालिका आल्या होत्या, आणि २०२२ चा बोर्ड घेणाऱ्याला २०२४ चा प्रोसेसर केवळ बायोस अद्ययावत् करून बसविता आला. जून २०२४ मध्ये कंपनीने २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालविण्याचे वचन दिले आहे. एएम४ साठी वापरलेले अनेक पंखे व उष्णताशोषकही त्यावर बसतात. इंटेलने एलजीए १८५१ साठी असे लांब मुदतीचे वचन दिलेले नाही. आणि त्या कंपनीचा आजवरचा रिवाज एका सॉकेटवर दोन किंवा फार तर तीन पिढ्यांचा आहे. प्रोसेसर पुढे बदलण्याचा ज्याचा खरोखर मानस आहे त्याने एएम५ घ्यावे, हे त्यामुळे स्पष्टच आहे.

ज्याचा तसा मानस नाही, ज्याला चलच्चित्रांच्या संपादनाचे काम पुष्कळ आहे, किंवा ज्याचा संगणक बहुतांश वेळ स्वस्थ बसून राहणार आहे, त्याने इंटेल घेतल्यास त्यात वावगे काही नाही. इंटेलच्या प्रोसेसरांतील चित्रफिती उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा पुष्कळ दिवसांपासून नावाजलेली आहे. कोणत्याही घराण्याचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असल्यास त्यात चित्रदर्शनाचे मंडल नसते वा बंद केलेले असते, आणि वेगळे ग्राफिक-कार्ड न लावल्यास पडदा काळाच राहतो. खरेदीतील ही चूक वरचेवर होते.

प्रणालीचा प्रश्न राहिला. विंडोजची यादी पुढेही बदलत राहणार. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली जुन्या प्रोसेसरांना इतक्या लवकर वाऱ्यावर सोडीत नाहीत. केरळातील सरकारी व अनुदानित शाळांतून अशीच एक प्रणाली मल्याळम् भाषेच्या सोयींसह अनेक वर्षे वापरली जात आहे. ज्या कामाला विंडोजची अट नाही तेथे २०१७ चा आय७-७७००के सुद्धा आजमितीस पूर्ण उपयोगाचा आहे. वर त्याला मागे पडलेला म्हटले ते केवळ एका कंपनीच्या यादीपुरते.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीच्या किमती एकाएकी चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या गणनगृहांनी तिची मागणी वाढविली. अशा वेळी ज्याच्यापाशी एएम४ चा बोर्ड व डीडीआर४ मेमरी आधीच आहे, त्याने नवे जोते घालण्यापूर्वी जुन्यावर आणखी एक मजला चढतो काय, हे पाहावे. त्याची रीत कठीण नाही. बोर्डाच्या उत्पादकाच्या यादीत नवा प्रोसेसर आहे याची खात्री करून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत् करून घ्यावा. त्यानंतर संगणक दहा-पंधरा मिनिटे कामास लावून गरम होऊ द्यावा, बंद करून वीज तोडावी आणि पंख्यासह उष्णताशोषक सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे किंचित पिळावा. एएम४ च्या टाचण्या प्रोसेसरच्या अंगाला असतात. मधली उष्णतावाहक लुकण थंड होऊन घट्ट झालेली असली म्हणजे उष्णताशोषकाबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्या १३३१ टाचण्यांपैकी काही वाकतात.